मुलांचा आहार आणि खेळ यांविषयी पालकांशी कसे बोलावे: नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका पालकाशी बोलायला आपल्या वाट्याला फार तर पाच-सात मिनिटे येतात. ती मिनिटे बहुतेक वेळा ‘पालेभाज्या द्या, फळे द्या, बाहेरचे देऊ नका’ एवढे सांगण्यात संपतात. समोरची आई मान डोलावते, कारण हे सारे तिने अंगणवाडीत, टीव्हीवर आणि शेजारणीकडून आधीच ऐकलेले असते. तिला ठाऊक नसते ते एवढेच की, तिच्या स्वयंपाकघरात आज जे आहे आणि तिला दिवसातून जेवढा वेळ मिळतो, त्यात नेमके काय करता येईल. ते शोधण्याचे काम दोघींनी मिळून करायचे असते, आणि म्हणून या कामात सांगण्याआधी विचारणे येते.

महाराष्ट्रात या संभाषणाला दोन टोके आहेत. २०१९-२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, सुमारे ३६ टक्के मुलांचे वजन कमी होते आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळपास ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वेळी शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावांतही, उंचीच्या मानाने वजन पुढे गेलेली शाळकरी मुले आपल्यासमोर येत आहेत. एकाच रांगेत ही दोन्ही मुले उभी असतात. पुढे दिलेल्या पायऱ्या दोघांसाठीही तशाच्या तशा लागू होतात, फक्त बोलण्याचा विषय बदलतो.

पहिली पायरी: मोजमाप नीट घ्या

चुकीच्या मापावर उभा राहिलेला सल्ला चुकीचाच असतो. वजन घेण्याआधी काटा शून्यावर आहे ना हे पाहावे, बाळाचे स्वेटर-टोपरे, ओले दुपटे आणि पायांतले जड वाळे उतरवून ठेवावेत. दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे झोपवून मोजावी आणि त्यासाठी दोन माणसे लागतात: एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे अलगद सरळ करून पावलांपाशी सरकती फळी आणायची. दोन वर्षांनंतर उभे करून उंची मोजावी. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली तर नोंदीत तसे लिहावे. नाहीतर मुलाची वाढ थांबल्याचा खोटा भास होतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेरही मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास मूल तीव्र कुपोषित मानले जाते, ११.५ ते १२.५ दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित.

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते वापरले जातात आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे आहेत, हे घाईत विसरले जाते.

माप घेतल्यावर ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सहकाऱ्याला ओरडून सांगू नये. ‘सॅम’ (तीव्र कुपोषित), ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) हे आपले कामाचे शब्द आहेत. पण रांगेतल्या बायकांसमोर ते उच्चारले गेले की त्या आईला घरी जाऊन त्याचे उत्तर द्यावे लागते. तक्ता तिच्या हातात द्यावा, मुलाचा ठिपका बोटाने दाखवावा आणि मागच्या ठिपक्यापासून आजच्या ठिपक्यापर्यंतची रेघ कुठे चालली आहे ते सांगावे. एका ठिपक्यापेक्षा रेघेची दिशा अधिक बोलते. बारीक दिसणारे मूल आपल्या रेघेने नीट वर जात असेल, तर ‘अंगी लागत नाही’ या काळजीने बेजार झालेल्या घराला ती रेघ दाखवणे हाच त्या दिवशीचा सल्ला असू शकतो.

दुसरी पायरी: काल काय खाल्ले ते विचारा

‘बाळ नीट जेवते का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी कालचा दिवस विचारावा. चौदा महिन्यांच्या एका बाळाच्या आईशी होणारे बोलणे साधारण असे असते:

‘ताई, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बाळाने काय काय खाल्ले, आठवून सांगाल का?’

‘सकाळी चहा-बिस्कीट. मग वरणाचं पाणी पाजलं. दुपारी अंगावरचं दूध. संध्याकाळी परत बिस्कीट, आणि रात्री आमच्यातलाच थोडा भात.’

‘काल घरात काय केलं होतं?’

‘पिठलं-भाकरी. पण तिखट होतं ना, सिस्टर, म्हणून नुसता भात दिला.’

या चार वाक्यांत आपल्याला हवे ते सगळे आले आहे. आई अजून अंगावर पाजते, ही चांगली गोष्ट आहे आणि ती आधी, तिच्या तोंडावर, मोकळेपणाने म्हणावी; दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे हीच शिफारस आहे. वरणाच्या पाण्यात डाळ जवळपास नाही. बिस्किटाने भूक मेली आहे. आणि घरात पिठले शिजले होते, म्हणजे डाळीचे पीठ होते, पण तिखटामुळे ते बाळापर्यंत पोहोचले नाही. मग या घराला द्यायचा सल्ला दुकानातून काही आणायचा नाहीच: पिठल्यात तिखट घालण्याआधी बाळापुरते वाटीभर बाजूला काढायचे, त्यात भाकरीचा मऊ भाग किंवा भात कुस्करायचा आणि चमचाभर तेल किंवा तूप घालायचे. हे ती आज संध्याकाळीच करू शकते.

विचारताना तोंडावर नापसंती दिसू देऊ नये. ‘चहा? एवढ्या लहान बाळाला?’ असे एकदा निघून गेले की पुढच्या भेटीत ती चहाचा उल्लेखच करणार नाही, आणि आपण खोट्या माहितीवर सल्ला देत राहू. प्रमाण विचारायचे असेल तर टेबलावर एक वाटी आणि चमचा ठेवावा व ‘यातली किती?’ असे विचारावे, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते.

तिसरी पायरी: वयानुसार नेमके सांगा

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध; पाणी, घुटी, मध काहीही नाही, आणि मध तर वर्ष होईपर्यंत मुळीच नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायचे आणि इथे उशीर करायचा नाही. सहा ते आठ महिने या वयात दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चारदा. आणि एक ते दोन वर्षांत पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चारदा, शिवाय मध्ये एक-दोन वेळा खाऊ. इथे वाटी म्हणजे साधारण २५० मिलिलिटरची.

आपल्याकडे सर्वांत जास्त घात होतो तो पातळपणाने. डाळीचे पाणी, भाताची पेज, पातळ खीर यांनी बाळाचे इवलेसे पोट भरते, पण त्यातून ताकद मिळत नाही. हे शब्दांत सांगण्यापेक्षा करून दाखवावे: चमच्यात अन्न घेऊन चमचा तिरका करायचा, ते ओघळून गेले तर पातळ आहे, चमच्याला धरून राहिले तर बरोबर आहे. मी जिथे जिथे हे दाखवले आहे, तिथे आयांनी ते लगेच उचलले आहे. घट्ट मुगाची खिचडी, वरण-भात कुस्करून त्यावर तूप, नाचणीच्या सत्त्वाची घट्ट लापशी, उकडलेला बटाटा, केळे, घट्ट दही, शेवग्याचा किंवा भोपळ्याचा गर, दाण्याचे बारीक कूट, चालत असेल त्या घरी उकडलेले अंडे, कोकणात काटा नीट काढलेला मासा, हे सारे या वयाला चालते. अख्खे शेंगदाणे, अख्खे चणे, अख्खी द्राक्षे मात्र पाच वर्षांखालील मुलाच्या हातात देऊ नयेत, कारण ती श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आत मीठ-साखर वरून घालू नये.

अन्नाचे प्रकार मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. आईचे दूध, धान्ये आणि कंद, डाळी आणि दाणे, दूध-दही, अंडी, मांस-मासे, पिवळी-केशरी फळे-भाज्या व हिरव्या पालेभाज्या, आणि इतर फळे-भाज्या, असे आठ गट धरले, तर सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाला दिवसभरात किमान पाच गटांतले काहीतरी मिळायला हवे. वर उल्लेख केलेल्या बाळाला काल दोनच गट मिळाले होते. पिठले आणि एक केळे वाढवले की चार होतात, आणि वाटीभर दही जमले तर पाच. ही मोजणी आईबरोबर बोटांवर करावी. पुढच्या वेळी ती स्वतःच मोजून सांगते.

रक्तक्षयासाठी लोह-फॉलिक आम्लाचे सिरप सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिलिलिटर दिले जाते. ते घेतल्यावर शी काळी होते हे आधीच सांगितले नाही, तर घाबरून बाटली बंद होते. जेवणाच्या आसपास चहा दिल्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांनी मदत होते. आणि दिवसभर बाटलीने दूध पिणारे दीड वर्षाचे गुटगुटीत बाळही रक्ताने कमी असू शकते, कारण दुधात लोह अगदी थोडे असते आणि दुधाने भरलेल्या पोटी ते जेवत नाही. ‘दूध पितोय ना, मग काळजी नाही’ या समजुतीला इथे हळुवारपणे हात घालावा लागतो. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या आतच वरचे दूध पुरे.

एक गोष्ट स्वतःसाठी पक्की ठरवावी. दोन वर्षांखालील बाळांच्या डबाबंद अन्नाची आणि दुधाच्या पावडरची जाहिरात करणे, त्यांचे नमुने वाटणे, आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यासाठी भेटी देणे हे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंद केलेले आहे. आपल्या तोंडून कोणत्याही कंपनीचे नाव जाऊ नये. मोठ्या मुलांसाठी दुधात घालायच्या पावडरींबद्दल पालक हमखास विचारतात. ‘हेल्थ ड्रिंक’ असा कोणताही प्रकार आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, आणि अशा अनेक पावडरींत साखर बरीच असते, एवढे सांगून डब्यावरचा तक्ता त्यांच्याबरोबर वाचावा.

‘जेवतच नाही हो’ म्हणणाऱ्या घरी

ही तक्रार बहुधा दीड ते तीन वर्षांच्या मुलाबद्दल असते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते, आणि नेमके तेव्हाच घर ताट घेऊन मुलाच्या मागे धावू लागते. रेघ ठीक असेल तर पालकांना ही गोष्ट समजावून द्यावी आणि कामाची वाटणी सांगावी: काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचे, त्यातले किती खायचे हे मुलाने. मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो खरा, पण पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही. दोन जेवणांच्या मध्ये बिस्कीट, वेफर्स, खारी बंद केली आणि सगळ्यांबरोबर ताटात वाढून बसवले, तर आठवडाभरात फरक दिसतो. तेवढा आठवडा धीर धरा, असे स्पष्ट सांगावे. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे ती आवडत नाही असे होत नाही, पुन्हा पुन्हा ताटात दिसत राहिली की मुले ती खाऊ लागतात.

वजन जास्त असलेल्या मुलाशी आणि त्याच्या पालकांशी

हे बोलणे सर्वांत नाजूक, म्हणून त्यावर थोडे थांबते. दहा वर्षांचा मुलगा आई-वडिलांबरोबर आला आहे आणि तक्त्यावर तो उंचीच्या मानाने वजनाच्या वरच्या रेघेपलीकडे आहे. घरात आणि शाळेत त्याला काय काय म्हटले जाते ते त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसते. आपण ‘जाड’, ‘लठ्ठ’ हे शब्द वापरू नयेत. ‘वजन उंचीच्या मानाने पुढे गेले आहे’ एवढे पुरते. आणि बोलण्याआधी परवानगी घ्यावी: ‘वाढीच्या तक्त्यावर एक गोष्ट दिसते आहे, त्याबद्दल आज बोललो तर चालेल का?’ नाही म्हटले तर पुढच्या भेटीत. दार बंद होण्यापेक्षा उशीर बरा.

मुलाशी थेट बोलावे. त्याला काय खेळायला आवडते, डबा कोण भरतो, शाळेतून आल्यावर घरी कोण असते, भूक नक्की केव्हा लागते, हे त्यालाच विचारावे. आई-वडील दोघेही कामावर, संध्याकाळी चार ते सात मूल एकटे आणि जवळ खाऊसाठी वीस रुपये, हे चित्र शहरात फार सर्रास आहे. तिथे ‘बाहेरचे खाऊ नका’ या वाक्याला काही अर्थ नाही. चार वाजता त्याच्या हाताला लागेल असे घरात काय ठेवता येईल, यावर बोलावे. भाजलेले चणे-दाणे, उकडलेली अंडी, केळे, सकाळीच करून ठेवलेले थालीपीठ, मटकीची उसळ. थंड पेयाबद्दल बोलायचे असेल तर वाटीत पाच चमचे साखर काढून दाखवावी. २५० मिलिलिटरच्या कोलात साधारण तेवढी साखर असते.

मानेच्या मागे, काखेत काळसर मखमली पट्टा दिसला तर तो अवश्य पाहावा. घरी तो मळ समजून मुलाला घासून घासून आंघोळ घातली जाते आणि त्यावरून रागावलेही जाते. तो मळ नाही. शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते, आणि अशा मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचे असते. ‘याला घासू नका, हा याचा दोष नाही’ हे त्या मुलासमोर सांगितले की त्याचा चेहरा बदलतो.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते, आणि ‘डाएट’ हा शब्दही टाळावा. वजन तिथेच रोखून धरले आणि उंची वाढू दिली तर बऱ्याच मुलांचे प्रमाण आपोआप जुळत येते. प्रत्यक्ष किती आणि कसे, हे डॉक्टर ठरवतील. बदल एकट्या मुलाच्या ताटात न करता घराच्या किराणा यादीत करावा. धाकट्या बारीक बहिणीसाठी वेफर्स आणि याच्यासाठी काकडी, अशी विभागणी झाली तर दोघांचेही नुकसान होते.

खेळाबद्दल

‘व्यायाम’ म्हटले की पालकांना क्लास, फी किंवा जिम आठवते. म्हणून ‘खेळतो का, कुठे, कोणाबरोबर, किती वेळ’ असे विचारावे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटे, आणि त्यात तीन-चार वर्षांच्यांनी ६० मिनिटे जोमाने खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे एका दमात करायचे नसते. लगोरी, खो-खो, लंगडी, दोरीच्या उड्या, शाळेत चालत जाणे, विहिरीवरून पाणी आणणे, सगळे यात धरले जाते. पावसाळ्यात किंवा दोन खोल्यांच्या घरात दोरी, फुगडी, गाण्यावर नाच. मुलींच्या बाबतीत एक प्रश्न मुद्दाम विचारावा: ‘ही अजून खेळायला जाते ना?’ पाळी सुरू झाली की अनेक घरांत मुलीचे मैदान सुटते आणि घराला ते जाणवतही नाही. दम्याच्या मुलालाही खेळ बंद करू नये. औषध नीट चालू आहे ना, हे पाहावे. हृदयाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पडद्याबद्दल: दोन वर्षांखाली मुळीच नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाच्या आत. जेवताना आणि झोपण्यापूर्वी घरातले सगळेच मोबाइल बाजूला, यापासून सुरुवात सोपी जाते.

घरात निर्णय कोणाचा, ते ओळखा

आईला दिलेला सल्ला घरी पोहोचल्यावर सासूबाईंच्या एका वाक्याने रद्द होऊ शकतो. म्हणून ‘बाळाला कोण भरवते, घरात सामान कोण आणते?’ हे विचारावे आणि आजी बरोबर आल्या असतील तर त्यांच्याकडे वळून बोलावे: ‘आजी, तुम्ही इतकी मुले वाढवलीत, नाचणीचे सत्त्व तुमच्याकडे कसे करायचे?’ त्यांच्या उत्तरात बहुधा आपल्याला हवा तो पदार्थ सापडतो, आणि मग तो आजींचाच सल्ला होतो. वडील आले असतील तर त्यांनाही खुर्ची द्यावी. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार घरात कोण खाते, हेही न रागावता विचारावे. तो बहुतेक वेळा सगळ्यांत वाटला जातो.

शेवटची पायरी: एकच बदल, त्याची नोंद, आणि पुढे पाठवणे

सात गोष्टी सांगितल्या तर एकही होत नाही. दोन-तीन पर्याय पुढे ठेवून ‘यातले कोणते जमेल?’ असे विचारावे आणि पालकाने निवडलेला एकच बदल पक्का करावा. निघण्यापूर्वी ‘घरी गेल्यावर हे कसे करणार, मला सांगाल का?’ असे विचारावे; समजले आहे का, हे यातूनच कळते, ‘समजले ना?’ या प्रश्नातून कळत नाही.

काही मुलांच्या बाबतीत मात्र सल्ला देत बसायचे नसते. दंडाचा घेर ११.५ पेक्षा कमी, दोन्ही पावलांवर सूज, लागोपाठच्या भेटींत वजन न वाढणे किंवा घटणे, खाणे-पिणे पूर्ण सोडणे, यांना त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून गरजेनुसार पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे. जास्त वजनाच्या मुलाला फार तहान व वारंवार लघवी, झोपेत मोठे घोरणे व श्वास अडकणे, किंवा उंची खुंटलेली असेल तर तेही डॉक्टरांचे काम. जेवण चुकवणारी, खाऊन उलटी करणारी किशोरवयीन मुलगी किंवा मुलगा हाही तितकाच तातडीचा रुग्ण आहे.

ठरलेला बदल माता-बाल संरक्षण कार्डावर त्याच शब्दांत लिहावा: ‘तिखट घालण्याआधी पिठले काढणे’. ‘आहार सल्ला दिला’ या नोंदीवरून पुढच्या परिचारिकेला काहीच कळत नाही. ठरलेले जमले नसेल तर अडचण कुठे आली ते विचारून बदल आणखी लहान करावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत दिवाळीच्या सुमारास, गाव सोडण्यापूर्वी, शेवटचे वजन, लांबी आणि दंडाचा घेर कार्डावर तारखेसह लिहून द्यावा आणि कार्ड बरोबर न्यायला सांगावे. फडावर पहाटे निघणाऱ्या आईला सकाळी स्वयंपाक जमणार नाही हे धरून, रात्रीच भाजून ठेवता येईल असे नाचणी-डाळीचे पीठ आणि गूळ-दाण्याचे कूट यांचे प्रमाण त्याच कार्डावर मागच्या बाजूला लिहावे, म्हणजे कारखान्याजवळच्या केंद्रातल्या सिस्टरलाही तिथून पुढे सुरुवात करता येईल.